मागच्या दाराची टोपली

वकीलसाहेब आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढल्या नाहीत. हे नाव त्यांना सातव्या वर्षी मामाने ठेवलं, आणि ठेवलं ते अशासाठी की तेव्हा त्या दिवसचे दिवस तोंडातून शब्द काढत नसत. मामाच्या विनोदाची जातच तशी होती. तीन पायांच्या स्टुलाला तो सिंहासन म्हणायचा. नाव चिकटलं ते चिकटलंच. आज सत्तावन्न वर्षांच्या बाईला अख्खी गल्ली वकीलसाहेब म्हणते, आणि एखादा नवखा भाडेकरू करारनामा घेऊन सल्ला विचारायला येतो तेव्हा ती म्हणते, "सल्ला नाही, इस्त्री करून देते."

ती मामाच्या लाँड्रीत आली ती अंगावरच्या फ्रॉकनिशी. वडील ती रांगत असतानाच गेले होते. आई आणि ती राहायच्या त्या इमारतीत खाली गाद्यांचं दुकान होतं. एका दुपारी दोघी झोपल्या असताना दुकानाने पेट घेतला. जिना धुराने भरला. आईने पिंपात चादर बुचकळली, पोरीला डोक्यापासून पायापर्यंत तीत गुंडाळलं आणि उचलून खाली आणलं. पोरीला साधा चटका लागला नाही. आईचे दोन्ही हात आणि पाठ भाजली. मग आई दवाखान्यात आणि पोर मामाकडे, अशी सोय झाली.

लाँड्री खाली, दोन खोल्या वर. खाली शिरलं की आधी ओल्या सुताचा वास, मग सोड्याचा, आणि आत गेल्यावर गरम इस्त्रीखालच्या खळीचा. तो वास आजही कुठे नाकाला लागला की तिची पावलं थांबतात. मागच्या अंगाला दगडी टाक्या, त्यापलीकडे दोऱ्यांवर चादरींच्या रांगा, आणि कोपऱ्यात वाफेची भट्टी. भट्टीत जाळ दिसला की पोर जिन्यावर पळायची. मामाने दुसऱ्याच दिवशी भट्टीसमोर एक जुनं दार आडवं उभं केलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, वारा लागतो.

कुठला कपडा कुणाचा हे ओळखायची त्या दुकानाची रीत होती कोपऱ्यातल्या टाक्यांची. लॉजच्या चादरींना तीन लाल टाके, दवाखान्याच्या चादरींना दोन निळे. घरच्या कपड्यांना काहीच नाही. टाके मामा स्वतः घालायचा. तो डावखुरा, त्यामुळे त्याचे टाके डावीकडे कललेले असत. इस्त्रीवाले तात्या धुऊन आलेला ढीग वेगळा करायचे ते फक्त कोपरे बघून. त्यांना वाघाचं कातडं दिलं असतं आणि त्यावर दोन निळे टाके असते, तर त्यांनी ते घडी करून दवाखान्याच्या गठ्ठ्यात ठेवलं असतं.

राहिली मामी. मामी नाकावर माशी बसू द्यायची नाही. बोलणं मोजकं आणि तेही कामाचं. तिने पोरीला कधी मांडीवर घेतलं नाही, कधी मारलंही नाही. सकाळी दूध पुढे ठेवायची आणि पेला रिकामा होईपर्यंत शेजारी उभी राहायची. पोर तिला टरकून असे.

आणि आल्याच्या तिसऱ्या सकाळी पोर उठली ती ओल्या अंथरुणात. चार वर्षांची झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. चौथ्या सकाळी तेच, पाचव्या सकाळी तेच. हे आपल्याला का होतंय हे तिला कळत नव्हतं. कळलं एवढंच होतं की मामीला कळता कामा नये. कारण आदल्याच रविवारी मावशी येऊन गेली होती, आणि जिन्याच्या वळणावर उभं राहून पोरीने ऐकलं होतं. मावशी मामीला म्हणत होती, "तुमचा कामाचा रगाडा केवढा. पोरीचा जरा जरी त्रास वाटला तर सांगा. बोर्डिंगचा फॉर्म मी आणून ठेवलाय." त्यावर मामी म्हणाली, "बघू."

बोर्डिंग होतं एक दिवस आणि एक रात्र आगगाडीने लांब. इथून आईचा दवाखाना दहा मिनिटांवर. मुलांना आत सोडत नसत, पण रविवारी मामा तिला दवाखान्याच्या अंगणात न्यायचा, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आई पट्ट्या बांधलेला हात वर करायची. शिवाय दवाखान्याच्या चादरी रोज दुकानात येत. दोन निळे टाके दिसले की पोर त्या चादरीवरून हात फिरवायची, न जाणो आईचीच असली तर. एवढं सगळं त्या एका "बघू"वर टांगलेलं होतं.

मग पोरीने डोकं चालवलं. मामी वर चूल पेटवत असताना ती खाली उतरायची, मामाच्या खणातली सुई घ्यायची, आपल्या ओल्या चादरीच्या कोपऱ्यात तीन लाल टाके घालायची आणि ती चादर लॉजच्या मळक्या ढिगात खुपसायची. वर येऊन गादी उलटी करायची आणि कपाटातली कोरडी चादर घालायची. चादर धुतली जायची, तात्या कोपरा बघायचे आणि ती लॉजला रवाना व्हायची. सहा दिवसांत घरच्या सहा चादरी लॉजला गेल्या. मामी कपाट उघडून म्हणाली, "चादरींना काय पाय फुटले का?" पोर जिन्याकडे सटकली.

सातव्या दिवशी लॉजचे मॅनेजर आले. हातात हिरव्या पोपटांची चादर.

"आमच्या सगळ्या चादरी पांढऱ्या," ते म्हणाले. "काल चार नंबरच्या खोलीत ही निघाली. आता पाच नंबरवाला भांडतोय, त्याला पोपट का आणि मला का नाहीत."

तात्यांनी कोपरा पुढे केला. "तीन लाल टाके आहेत. माझी चूक नाही."

मामाने चादर हातात घेतली. टाके बघितले. ते उजवीकडे कललेले होते आणि दोऱ्याची गाठ चांगली वाटाण्याएवढी बाहेर लोंबत होती. मामाने मान वर केली. पोर गठ्ठ्यांमागे उभी होती. तिची पाचावर धारण बसली होती. मामा तिच्याकडे बघत राहिला, मग मॅनेजरांना म्हणाला, "माझीच चूक. वय झालं, दुसरं काय." मामा तेव्हा छत्तीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला त्याने सगळ्यांना बसवलं. सगळे म्हणजे तात्या, मामी आणि पोर.

"आजपासून मागच्या दाराशी एक टोपली राहील," तो म्हणाला. "काही गिऱ्हाइकं लाजाळू असतात. कुणाचं आजारपण, कुणाचं म्हातारपण. कपडा ओला होतो, आणि मग पुढच्या दाराने यायला जड जातं. ते लोक सकाळी दुकान उघडायच्या आत टोपलीत कपडा टाकून जातील."

"खूण?" तात्यांनी विचारलं.

"एक हिरवा टाका. सुईदोरा टोपलीच्या कडीला अडकवलाय, ज्याचा त्याने घालावा."

"आणि नाव?"

"नाव नाही. टोपली उचलायची ती थेट पहिल्या टाकीत. संध्याकाळी घडी करून परत टोपलीत. कुणाचं काय, हे मी विचारणार नाही आणि तुम्हीही विचारायचं नाही."

मामी कपबशा उचलत म्हणाली, "एक एक थेरं तुमची," आणि निघून गेली. पोरीचा जीव भांड्यात पडला. मामीला पत्ताच नव्हता.

पहिल्या सकाळी चादरीची गुंडाळी पोटाशी धरून ती खाली आली आणि टोपलीत डोकावली, तर आत आधीच काहीतरी होतं. निळ्या पट्ट्यांचा पायजमा. पुरुषाचा, आणि कंबर एवढी रुंद की त्यात तिच्यासारख्या चार पोरी मावल्या असत्या. पायजमा ओला होता. कोपऱ्यात एक हिरवा टाका.

पोर तिथेच उकिडवी बसली. एवढा मोठा माणूस, आणि त्यालाही. तिला इतकं हलकं वाटलं की आपल्या चादरीत टाका घालताना ती जवळजवळ गुणगुणत होती.

त्या दिवसापासून त्या माणसाचं नाव पट्टेवाले. रोज सकाळी पट्टेवाले तिच्या आधी येऊन गेलेले असत. कधी सोबत एक जाळीदार उशीचा अभ्रा असे, मग ती बाई झाली जाळीवाली. पण जीव जडला तो पट्टेवाल्यांवर. रस्त्यात लठ्ठ माणूस दिसला की पोर निरखून बघायची. पाववाला असेल? पोस्टमास्तर? शाळेचे हेडमास्तर तर कमरेने अगदी बरोबर बसत होते. कोण ते न कळल्याने तिने सरसकट सगळ्या लठ्ठ माणसांना मान द्यायला सुरुवात केली. पाववाला मामाला म्हणाला, "तुमची भाची मला बघून बाजूला सरकून वाट देते हो. घरात माझी बायको देत नाही."

मग एका सकाळी टोपली रिकामी. दुसऱ्या सकाळीही रिकामी. पोरीला दूध गिळवेना. पट्टेवाले मेले की काय? दुपारी ती खाली आली. तात्या इस्त्री करत होते, मामा टाके घालत होता, मामी टाकीपाशी पाठमोरी होती. आणि दोन महिने तोंडात मूग गिळून बसलेली ती पोर मोठ्याने म्हणाली, "पट्टेवाले कुठे गेले?"

तात्यांची इस्त्री हातातच राहिली. मामाने बोटात सुई खुपसून घेतली. मामीने मागे वळून बघितलंही नाही. ती धुतलेलीच चादर पुन्हा धुवायला लागली. बोट चोखत मामा म्हणाला, "येतील हो वकीलसाहेब. परगावी गेले असतील."

आणि दुसऱ्या सकाळी पट्टेवाले आले. पोरीला इतका आनंद झाला की तिने जपून ठेवलेली लिमलेटची गोळी पायजम्याच्या खिशात घातली. संध्याकाळी गोळी नव्हती.

पुढे पट्टेवाले एक दिवसाआड यायला लागले. मग आठवड्यातून दोनदा. पोरीने हिशेब केला की त्यांना जमतंय तर आपल्यालाही जमेल. एका सकाळी ती कोरडी उठली. सवयीने खाली जाऊन बघते तर पायजमा ओला. तिला पट्टेवाल्यांची फार दया आली. नंतर तीही अधूनमधून, तेही अधूनमधून, आणि आई आठ महिन्यांनी हातावर सुरकुतलेली गुलाबी कातडी घेऊन घरी आली तेव्हा टोपली माळ्यावर गेली होती. आई आणि ती शेजारच्याच खोलीत राहिल्या. बोर्डिंगच्या फॉर्मचं कुणी नाव काढलं नाही.

दहा-बारा वर्षांची झाल्यावर तिला शंका आली होती. तिने मामाला गाठलं. "मामा, पट्टेवाले म्हणजे तूच ना?"

मामाने गळ्याला हात लावला. "शपथ घेतो वकीलसाहेब. त्या टोपलीत मी माझ्या हाताने एक रुमालसुद्धा टाकला नाही."

मामा खोटं बोलताना कान हलवायचा. त्या दिवशी कान जागच्या जागी होते. शिवाय तिला पक्कं आठवत होतं, पट्टेवाल्यांचा हिरवा टाका उजवीकडे कललेला असे. मामाचा असता तर डावीकडे कलला असता. प्रश्न मिटला. पट्टेवाले खरे होते, आणि कुठेतरी याच गावात सुखात होते.

आई गेली, तात्या गेले, नऊ वर्षांपूर्वी मामाही गेला. लाँड्री ती चालवते. भट्टीच्या जागी आता यंत्रं आहेत. टाके मात्र आहेत, ते तिने सोडले नाहीत. वर ती आणि मामी. मामी ब्याऐंशीची. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

महिन्यापूर्वी मामीच्या खोलीतल्या चादरी कमी व्हायला लागल्या. मग एका दुपारी झाडता झाडता ट्रंकेमागे झाडू अडकला, आणि तिथून एक चादर निघाली. कोंबलेली, अर्धवट वाळलेली. तिने वास घेतला नाही. घ्यावा लागला नाही.

"तांब्या सांडला होता," मामी दारातून म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी जेवताना म्हणाली, "ते वृद्धांचं घर आहे ना, नदीपलीकडे. तिथे नाव घाल माझं. तुझ्या कामाचा रगाडा केवढा."

हे शब्द तिने पूर्वी ऐकले होते, याच जिन्यावर. तिने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने माळ्यावरून टोपली काढली, धूळ झटकली, कडीला हिरव्या दोऱ्याची सुई अडकवली आणि मामीच्या खोलीच्या दाराशी ठेवली. ठेवली आणि उभी राहिली. रिकामी टोपली बघून मामी हात लावायची नाही. आपल्या वेळी पट्टेवाले होते. मामीला कोण आहे? ती खाली गेली, न नेलेल्या कपड्यांच्या फळीवरून कुणाचा तरी एक शर्ट काढला, नळाखाली भिजवला, कोपऱ्यात एक हिरवा टाका घातला आणि टोपलीत टाकला. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कपांचा आवाज करत बसली.

मामीच्या काठीचा आवाज आला. थांबला. ती दाराआडून बघायला गेली. मामी टोपलीवर वाकली होती. तिने शर्टाची बाही दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"नळाचं पाणी," मामी म्हणाली. "गार आहे. पोरालाही कळेल."

"काय कळेल?"

"कोमट घ्यायचं. चिमूटभर मीठ आणि थेंबभर चहाचं पाणी. आणि शर्ट काय घेतलास? शर्ट कोण ओला करतं? पायजमा घ्यायचा. तो निळ्या पट्ट्यांचा फळीच्या मागे आहे अजून, कुणी नेला नाही तो कधी."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पन्नास वर्षं जी वकिली तिने पट्टेवाल्यांच्या बाजूने मनात लढवली होती, ती एका वाक्यात खाली बसली. उजवीकडे कललेला टाका. मामी तर उजव्या हाताची.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तेव्हा. पहिल्यापासून."

"गादीला दुसरी बाजू असते हे तुला एकटीलाच माहीत होतं का?" मामी स्टुलावर बसली. "टोपली त्यांची. ते म्हणाले, पोर एकटी पडेल. म्हटलं, बघू. पहिल्याच सकाळपासून मी टाकायला लागले. ते दोन दिवस राहून गेलं, पहाटे तापाने उठवेना. तर तू खाली येऊन विचारतेस, पट्टेवाले कुठे गेले."

"तू वळूनही बघितलं नाहीस."

"वळले असते तर दिसलं असतं ना तुला." मामीने पदराने नाक पुसलं. "तुझ्या आईने ओल्या चादरीत गुंडाळून वाचवलं तुला. पोर झोपेत चादर ओली करून घेते, यात रागवायचं काय? त्या मावशीला कुठे अक्कल होती. दुसऱ्याच आठवड्यात तो फॉर्म मी भट्टीत घातला."

खाली यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. तिला बोलायचं बरंच होतं, पण सातव्या वर्षासारखं तोंड उघडेना. शेवटी तिने जे विचारलं ते भलतंच होतं.

"आणि ती लिमलेटची गोळी?"

"खाल्ली. टाकून देऊ की काय?"

मामी काठी टेकत उठली, खोलीत गेली. आतून गादी हलवल्याचा आवाज आला. मग ती चादरीची गुंडाळी पोटाशी धरून बाहेर आली, कडीची सुई हातात घेतली आणि दोरा ओवायचा प्रयत्न करायला लागली. दोन-तीनदा चुकला.

"दे इकडे," वकीलसाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी दोरा ओवून दिला.

मामीने कोपऱ्यात एक टाका घातला, चादर टोपलीत टाकली आणि म्हणाली, "उद्या पायजमा घे."